विषशास्त्रात पीएचडी करायची आहे? गुणांच्या आधी कागद तपासा

टॉक्सिकॉलॉजी म्हणजे विषशास्त्र, आणि त्याच्याच जोडीचा पर्यावरण-आरोग्य हा विषय घेऊन पीएचडी करू पाहणारी मुलं दरवर्षी माझ्याकडे अर्ज तपासून घ्यायला येतात. गुण कमी पडले म्हणून मागे राहिलेले त्यांच्यात थोडेच. अर्ज बाद होतो तो दाखल्यावरच्या तारखेमुळे, चुकीच्या नमुन्यामुळे, नाहीतर जाहिरातीतली एक ओळ वाचायची राहून गेल्यामुळे. यातली बरीच मुलं विदर्भातली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा ही मुलं शाळा-कॉलेजात होती. पाठीवर पंप अडकवून फवारणीला निघालेला बाप त्यांनी दर हंगामात पाहिलाय. अशा मुलाचा अर्ज एका शिक्क्यापायी परत आलेला मला बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

अर्ज कुठे करायचा ते आधी सांगते. या विषयातली देशातली मुख्य संस्था लखनौची: सीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, म्हणजे आयआयटीआर, १९६५ साली सुरू झालेली. पाणी, हवा, सांडपाणी, घातक कचरा या अंगाने काम करायचं असेल तर आपल्या नागपूरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, १९५८ पासूनची. कामगारांच्या आजारांसाठी अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, आणि भोपाळला पर्यावरण-आरोग्याचीच वेगळी संस्था, नीरेह. या दोन्ही आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या. आयआयटीआर किंवा नीरीत काम केलं तरी पीएचडीची पदवी देते ती ॲकॅडमी ऑफ सायंटिफिक अँड इनोव्हेटिव्ह रिसर्च, सगळे जिला ‘ॲकसिर’ म्हणतात ती. अर्ज तिच्या पोर्टलवर भरायचा, प्रयोगशाळा तिथेच निवडायची, मुलाखत प्रयोगशाळा घेते. सत्रं दोन, जानेवारी आणि ऑगस्ट. एखाद्या शास्त्रज्ञाला मेल पाठवला आणि त्यांनी ‘या, भेटा’ असं उत्तर दिलं, म्हणजे अर्ज झाला असं समजून बसणारे दरवर्षी एक-दोन तरी भेटतात. मेल जरूर करा, पण अर्ज पोर्टलवरच होतो.

अजून बीएस्सी किंवा बीफार्म करत असाल, तर पुढच्या टप्प्यासाठी दिल्लीच्या जामिया हमदर्दमध्ये टॉक्सिकॉलॉजीची एमएस्सी आहे, नायपर या केंद्राच्या औषधनिर्माण शिक्षणसंस्थांमध्ये फार्माकॉलॉजी अँड टॉक्सिकॉलॉजीचं एमएस आहे (त्यासाठी फार्मसीची जीपॅटसारखी परीक्षा आधी पास हवी), आणि पशुवैद्यकांसाठी नागपूरच्या माफसू या पशुविज्ञान विद्यापीठात एमव्हीएस्सी. तो रस्ता सरळ आहे. अडतं ते पीएचडीपाशी.

आधी फेलोशिप, मग प्रवेश

सगळ्यात जास्त मुलं इथेच पडतात. सीएसआयआरच्या प्रयोगशाळेत विज्ञान शाखेच्या पीएचडीला बसायचं तर चालू असलेली राष्ट्रीय फेलोशिप मागतात: सीएसआयआर किंवा यूजीसीची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप), नाहीतर डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर किंवा इन्स्पायरची फेलोशिप. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास असणं आणि जेआरएफ मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: पहिला, जेआरएफ, दुसरा, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, तिसरा, फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटात फेलोशिपचा एक रुपयाही नाही. त्या गुणांवर विद्यापीठात प्रवेश मिळू शकतो, ७० टक्के वजन नेटच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला. पण हे गुण एकच वर्ष चालतात.

एका विद्यार्थिनीचा निकाल तिसऱ्या गटात लागला. ‘क्वालिफाइड फॉर पीएचडी’ हे शब्द वाचून घरच्यांनी गावात पेढे वाटले. तिने लखनौचा अर्ज भरला, फी भरली, आणि छाननीतच नाव गेलं. फेलोशिपच्या रकान्यात तिने नेटचा रोल नंबर लिहिला होता. दरम्यान तिच्या विद्यापीठाची पीएचडीची जाहिरात येऊन गेली होती. पुढची जाहिरात आली तेव्हा तिचं वर्ष संपलेलं. निकालपत्रावर हे दोन ठळक ओळींत छापायला काय हरकत आहे, मला खरंच कळत नाही. तुमचा निकाल दुसऱ्या-तिसऱ्या गटात असेल, तर त्याच आठवड्यात आसपासच्या विद्यापीठांच्या पीएचडी जाहिराती शोधायला लागा.

आपल्या राज्याची फेलोशिप, म्हणजे बार्टी, सारथी, महाज्योती, हाही गैरसमजाचा विषय आहे. त्या फेलोशिप पीएचडीची नोंदणी झालेल्यांना मिळतात. प्रयोगशाळा मात्र फेलोशिप आधी मागते. त्यामुळे ‘आधी ॲकसिरला प्रवेश घेतो, मग बार्टीला अर्ज करतो’ हा हिशेब जुळत नाही. विद्यापीठात नोंदणी करणाऱ्यांसाठी तो मार्ग उत्तम आहे.

नेटला कोणता विषय घ्यायचा हेही विचारतात, कारण टॉक्सिकॉलॉजी नावाचा विषय नेटमध्ये नाहीच. प्राणिशास्त्र, बायोकेमिस्ट्री, बायोटेक केलेल्यांनी सीएसआयआर नेटचं लाइफ सायन्सेस घ्यावं, विश्लेषणात्मक रसायनशास्त्रवाल्यांनी केमिकल सायन्सेस. पर्यावरणशास्त्राच्या मुलांना यूजीसी नेटमध्ये एन्व्हायर्नमेंटल सायन्सेस हा स्वतंत्र विषय आहे, कोड ८९. सीएसआयआर नेटला बीफार्म आणि एमबीबीएसवालेही बसू शकतात. बीफार्मच्या मुलांना हे सहसा कुणी सांगत नाही.

आणि परीक्षेच्या नावावर जाऊ नका. ‘डिसेंबर २०२४’ची सीएसआयआर नेट २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, ‘जून २०२४’ची जुलैत. जेआरएफ पत्राची मुदत पत्रावर लिहिलेल्या तारखेपासून मोजायची. सीएसआयआरची जेआरएफ दोन वर्षांत कुठेतरी रुजू करावी लागते. दोन वर्षं पुष्कळ वाटतात, पण सत्रं सहा-सहा महिन्यांनी येतात, म्हणजे हातात जेमतेम चार संधी असतात.

५५ म्हणजे ५५

एमएस्सीला ५५ टक्के लागतात. ५४.९ चे ५५ होत नाहीत, नेटच्या माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट छापलेलं असतं. एक बारीक फरक लक्षात ठेवा: पीएचडी प्रवेशाच्या २०२२च्या यूजीसी नियमांत पाच टक्क्यांची सवलत ईडब्ल्यूएसलाही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला) आहे, पण नेटला बसताना ईडब्ल्यूएसच्या उमेदवाराला पूर्ण ५५ लागतात. पीएचडीचे नियम वाचून नेटचा अर्ज भरणारे याच ठिकाणी फसतात.

गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्के मनाने काढू नका. ९.५ ने गुणायची सवय दहावीतली, सीबीएसईची. ती विद्यापीठाला लागू नाही. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं आहे. परीक्षा विभागाकडून सही-शिक्क्याचं रूपांतराचं पत्र घ्या. त्याला कुठे दोन दिवस लागतात, कुठे दीड महिना. काही विद्यापीठं सूत्र गुणपत्रिकेच्या पाठीमागे छापतात. तेव्हा दोन्ही बाजू स्कॅन करा. मागची बाजू न जोडल्यामुळे परत आलेला अर्ज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

केंद्राचा नमुना, राज्याचा नमुना

इथे जरा थांबून वाचा. ओबीसीच्या मुलांकडे जातीचा दाखला असतो, नॉन-क्रीमीलेअर असतं, जात पडताळणीही झालेली असते. सगळं बरोबर असतं, फक्त राज्याच्या नमुन्यातलं असतं. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला एकच दाखला लागतो, ज्यात जात आणि क्रीमीलेअर नसल्याचा उल्लेख एकत्र येतो. जात पडताळणी ही राज्याची गरज आहे, तिने नमुन्याची उणीव भरून निघत नाही. आपल्याकडचं नॉन-क्रीमीलेअर तीन वर्षांपर्यंत चालतं. केंद्राच्या जाहिरातींत मात्र बहुतेक वेळा त्या आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतर दिलेला दाखला मागतात. तीन वर्षांची मुदत बघून निर्धास्त राहिलेला मुलगा जूनमध्ये धावपळ करतो, आणि जूनमध्ये सेतू केंद्रावर अकरावी-बारावीच्या प्रवेशांची रांग असते.

व्हीजे-एनटी हे प्रवर्गही राज्याचे. केंद्राच्या अर्जात ते दिसतच नाहीत, मग मुलं घाबरून ‘जनरल’ निवडतात. धनगर, वंजारी केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत. आपली जात केंद्राच्या यादीत कोणत्या स्पेलिंगने आहे ते मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि दाखल्यावर तेच स्पेलिंग मागा. राज्याचं एसईबीसी आरक्षणही केंद्राच्या संस्थेत चालत नाही.

उत्पन्नाचा हिशेबही दोन्हीकडे वेगळा. केंद्राच्या ओबीसी दाखल्यासाठी आठ लाखांची मर्यादा मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएससाठी सगळं धरतात, आणि वर मालमत्तेची अट आहे: पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर दाखला नाही. कोरडवाहू सहा एकरांत घर चालवणं काय असतं हे ज्याला माहीत आहे त्याला ही अट झोंबते, पण ती आहे. मात्र एक गोष्ट तपासा. ईडब्ल्यूएसच्या व्याख्येतलं कुटुंब म्हणजे अर्जदार, आईवडील, अठराखालची भावंडं, आणि लग्न झालं असेल तर जोडीदार व अठराखालची मुलं. आजोबा त्यात नाहीत. सातबाऱ्यावर फक्त आजोबांचं नाव आहे म्हणून एका मुलाला टेबलावरच परत पाठवलं होतं. नियमाची छापील प्रत घेऊन तो पुन्हा गेला, आणि दाखला मिळाला. प्रत सोबत ठेवाच.

नाव

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एमएस्सीच्या पदवीवर आईचंही नाव. महाराष्ट्राबाहेरच्या छाननी करणाऱ्याला ही तीन माणसं वाटू शकतात. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहा आणि आधार त्याला जुळवून घ्या. आधारची दुरुस्ती सगळ्यात सोपी आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला जोडा, राजपत्रातली नोंद असेल तर तीही. ‘मुलाखतीला गेल्यावर सांगू’ असं म्हणू नका, कारण मुलाखतीचं पत्र त्याआधीच्या छाननीवर ठरतं.

फोटो, सही, फी, जन्मतारखेचा पुरावा हे नेहमीसारखंच. मुलाखतीत हॅझर्ड आणि रिस्क यांतला फरक, एलडी-५० म्हणजे काय, आणि तुमच्या एमएस्सी प्रकल्पात मात्रा कशी ठरवली होती, हे स्वच्छ सांगता आलं पाहिजे. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, स्वतःचा प्रयोग अडखळू नये. प्रवेशानंतर अभ्यासक्रमात ‘सीएसआयआर-८००’ नावाचा ग्रामीण भागाशी जोडलेला प्रकल्प असतो, सहा-आठ आठवड्यांचा. फवारणी, फ्लोराइडचं पाणी, चुलीचा धूर हे घरापासून पाहिलेल्या मुलांनी तिथे फार चांगलं काम केलेलं आहे.

निवड झाली की विद्यापीठाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट लगेच मागा. आणि पैशांचं आधीच बघा. जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, पण ती निवडीच्या दिवसापासून नव्हे, रुजू झाल्यापासून मोजतात, आणि पहिला हप्ता खात्यात पडायला काही महिने जातात. लखनौला निघताना तीन-चार महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे हाताशी ठेवून निघा.