दहा हजार पावलांचा आकडा आला कुठून?

माझी आई ६८ वर्षांची, रोज रात्री जेवण झालं की मोबाईल हातात धरून चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालते, कारण ॲपवर ८,६०० दिसत असतात आणि तिला १०,००० पुरे करायचे असतात, गुडघा ठणकत असला तरी. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्यांचंही तेच, "आज किती झाले?"

तर हा आकडा डॉक्टरांनी शोधलेला नाहीच. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं, आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे सरळसरळ दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल, लक्षात राहणारा, तो चिकटला तो चिकटलाच.

खरं संशोधन त्याच्या आधीच सुरू झालं होतं, आणि ते झालं चक्क बसमध्ये. माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, डबलडेकरवर, त्यामुळे मला हा भाग फार जवळचा वाटतो. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, डेपो तोच, शिफ्ट तशाच, फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करत, शेकडो पायऱ्या. १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झाला तरी तो तेवढा जीवघेणा नसतो. लोकांना पटेना. मग मॉरिस यांनी काय केलं, तर युनिफॉर्मच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कमरेची मापं बघितली! ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली, म्हणजे प्रश्न उभा राहिला की हे लोक आधीपासूनच जाड होते का, आणि हे त्यांनी स्वतःच १९५६ मध्ये मांडलं. आपल्याच निष्कर्षावर अशी शंका घेणारा माणूस मला फार मोठा वाटतो. ते २००९ मध्ये गेले, वयाच्या ९९ व्या वर्षी.

पावलांवर खरी मोजणी मात्र बरीच उशिरा झाली. हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या टीमने १६,७४१ बायकांना, सरासरी वय ७२, यंत्र लावून त्यांची पावलं मोजली आणि २०१९ मध्ये निकाल आला: दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबतो. मग २०२५ मध्ये सिडनी युनिव्हर्सिटीच्या टीमने ५७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर २,००० च्या तुलनेत ७,००० ला मृत्यूचा धोका ४७ टक्के कमी दिसला. हे सगळे अभ्यास नुसतं निरीक्षण करून केलेत, चालण्यामुळेच झालं असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण ज्याची तब्येत चांगली तो जास्त चालतोच. पण बसच्या जिन्यापासून इथपर्यंत दिशा एकच दिसतेय.

काल आईला विचारून तिच्या ॲपमधलं टार्गेट ७,००० करून टाकलं. रात्री साडेनऊला ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.