सेन्सर गप्प का झाला?

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाच्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागला, तो विझेचना. एरवी चावी फिरवली की हा दिवा काही सेकंद लागतो आणि जातो. तेवढ्या वेळात एअरबॅगचं कंट्रोल युनिट स्वतःची आणि जोडलेल्या प्रत्येक भागाची तपासणी उरकतं. दिवा तसाच राहिला तर कोणीतरी तपासणीत नापास झालंय, आणि धडक बसल्यावर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा उरत नाही. स्कॅनरवर कोड आला: डाव्या बाजूच्या धडक-सेन्सरशी संपर्क नाही. पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजने सेन्सर बदलला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर.

मला तो कोड वाचूनच शंका आली होती. ‘संपर्क नाही’ आणि ‘सेन्सर बिघडला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा सेन्सर एवढा महत्त्वाचा का, ते आधी बघू. समोरून धडक बसली तर बंपर, बॉनेट, इंजिनाचा कप्पा असा बराच ऐवज चुरगळून वेळ मिळवून देतो. बाजूला फक्त दार असतं, आणि दारापासून खांद्यापर्यंत जेमतेम वीतभर जागा. पुण्यात वेताळ टेकडीला टेकलेली एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था वाहनांची जी मानकं प्रसिद्ध करते, त्यांतलं एआयएस-०९९ बाजूच्या धडकेचं आहे. त्या चाचणीत ९५० किलोचा गाडा ताशी ५० किलोमीटर वेगाने उभ्या गाडीच्या कुशीवर आदळवतात. या वेगाने एका मिलिसेकंदात सुमारे १४ मिलिमीटर अंतर कापलं जातं. पापणी लवायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. इथे निर्णय पाच-दहा मिलिसेकंदांत व्हावा लागतो. म्हणून गाडीच्या मध्यभागी, गिअरजवळच्या कन्सोलखाली बसलेल्या युनिटपर्यंत हादरा पोचायची वाट बघून चालत नाही. बाजूच्या एअरबॅग असलेल्या बहुतेक गाड्यांत दोन दारांमधल्या खांबाच्या पायथ्याशी एक छोटा सेन्सर घट्ट आवळलेला असतो. काही गाड्यांत दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असतो.

त्या खांबाजवळच्या डबीत सिलिकॉनचे, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक दोन कंगवे एकमेकांत गुंतलेले असतात. एक स्थिर, दुसरा लवचिक. धक्का बसला की त्यांच्या दातांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर त्यांची विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते, आणि त्यावरून धक्का किती जोराचा ते कळतं.

आता खरी गंमतीची जागा. या सेन्सरकडे जातात फक्त दोन वायरी. वीज त्यांतूनच मिळवायची आणि बोलायचंही त्यांतूनच. पीएसआय-५ ही पद्धत अनेक गाड्यांत वापरतात. तीत सेन्सर गप्प असताना काही मिलिअँपिअर करंट घेतो, आणि बोलताना त्यावर साधारण २६ मिलिअँपिअर जास्त ओढतो. युनिट हा चढउतार मोजून शब्द जुळवतं, सेकंदाला सव्वा लाख बिट या वेगाने. चावी फिरवल्यावर सेन्सर आधी आपली ओळख सांगतो, आपली तब्येत सांगतो, मगच कामाला लागतो.

त्यामुळे युनिटला मौनाचेही प्रकार कळतात. करंटच वाहत नसेल, तर वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निसटला आहे. करंट प्रमाणाबाहेर असेल, तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झाली आहे. करंट ठीक आहे पण शब्दच नाही, तर संशय सेन्सरवर. सगळ्यात अवघड चौथा प्रकार: बोलणं सुरू होतं आणि मध्येच तुटतं.

आमच्या गाडीत तेच होतं. दुसऱ्या मेकॅनिकने नवा सेन्सर मागवला नाही. “दादा, आधी कार्पेट उचलू,” म्हणाला. कार्पेटखालचा फोम पाण्याने जड झाला होता. एसीच्या पाण्याची नळी पाल्याने तुंबली होती. पाणी बाहेर पडायच्या ऐवजी डाव्या सीटच्या पायाशी उतरून मागे सरकत खांबापर्यंत पोचलं होतं. वायरिंगच्या कनेक्टरमधल्या पिनांवर हिरवट थर चढला होता.

एवढ्याशा थराने संपर्क तुटतो कसा? समजा युनिट साडेसहा व्होल्ट देतंय, सेन्सरला किमान पाच हवेत, आणि गंजलेल्या पिनांचा रोध ६० ओहम आहे. गप्प बसलेला सेन्सर ६ मिलिअँपिअर घेत असेल, तर जेमतेम ०.३६ व्होल्ट वाटेत हरवतात. तो बोलू लागला की करंट ३२ वर जातो, जवळजवळ दोन व्होल्ट गळतात, हातात साडेचार उरतात. म्हणजे तोंड उघडलं की नेमका तेव्हाच त्याचा श्वास तुटतो. कनेक्टर काढून मल्टिमीटरने व्होल्ट मोजले तर मात्र सगळं ठीक दिसतं, कारण व्होल्ट मोजताना मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. आणि सेन्सर बदलल्यावर दोन दिवस बरे का गेले, तेही यातूनच उलगडतं: कनेक्टर काढून परत दाबताना पिना खरवडल्या गेल्या होत्या.

डाव्या-उजव्या सेन्सरचा पार्ट नंबर एकच असेल, तर त्यांची अदलाबदल करून कोड बाजू बदलतो का हे पाहणं, ही भाग विकत घेण्याआधीची चांगली परीक्षा आहे. पण ती जाणकारानेच करावी. पिवळ्या कनेक्टरांच्या या सर्किटला घरी हात लावू नये, आणि एअरबॅगच्या स्फोटकाला साधा मल्टिमीटर तर कधीच लावू नये. रोध मोजताना तो सोडतो तो बारीकसा करंटही धोक्याचा ठरू शकतो. बॅटरी काढल्यावरही युनिटमधले कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी, म्हणूनच ती सोय असते. त्यामुळे गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटं थांबावंच लागतं.

मेकॅनिकने पिना बदलल्या, नळी साफ केली, फोम दोन दिवस उन्हात वाळवला. काढलेला जुना सेन्सर लावून पाहिला, तोही व्यवस्थित बोलत होता. आता एसी लावून गाडी उभी केली की मावसभाऊ उतरून वाकतो आणि खाली पाण्याचं थारोळं साचतंय ना, ते बघून घेतो.