लवाद जिंकला म्हणजे पैसे आले, असं नसतं
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपले की शेअरवाल्या मंडळींत एक गोष्ट हमखास निघते: एखाद्या कंपनीने सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी पंचांपुढे चाललेला दावा, जिंकला की पैसे आलेच, नाही दिले तर परदेशातला दूतावाससुद्धा जप्त होतो. हे साफ चूक आहे. या भरवशावर घामाचा पैसा लावणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

आपल्याकडे दिवाणी हुकूमनामा मिळाला तरी वसुलीसाठी वेगळी दरखास्त लावावी लागते ना? तिथेही तसंच. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे निवाड्याला दुसऱ्या देशात मान्यता मिळते, जप्ती मात्र तिथल्या कायद्याने. दूतावासाला १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं संरक्षण आहे. हात लागतो तो बहुधा सरकारच्या व्यापारी मालमत्तेला.

केर्न या ब्रिटिश तेल कंपनीचंच बघा. वाद होता पूर्वलक्षी कराचा, म्हणजे जुन्या व्यवहारांवर मागाहून लावलेल्या कराचा. डिसेंबर २०२० मध्ये भारताविरुद्ध सुमारे १.२ अब्ज डॉलरचा निवाडा झाला, वर व्याज आणि खर्च. जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे २० मालमत्तांची बातमी आली, तेव्हा कित्येकांना वाटलं, विकल्याच! आदेश फक्त गोठवण्याचा होता. ऑगस्टमध्ये संसदेने हा कर मागे घेतला, कंपनीने दावे सोडले आणि २०२२ मध्ये सुमारे ७,९०० कोटी रुपये परत मिळाले. तेही बिनव्याजी.