गीता मुखर्जी

गीता मुखर्जी (८ जानेवारी १९२४ ते ४ मार्च २०००) या बंगालमधल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या (भाकप) नेत्या. तेव्हाच्या मेदिनीपूर जिल्ह्यातल्या पांसकुडा मतदारसंघातून १९८० ते १९९९ लागोपाठ सात वेळा लोकसभेवर निवडून आल्या. महिला आरक्षण विधेयकाची चर्चा निघाली की त्यांचं नाव येतंच, पण बहुतेक वेळा फक्त "गीता मुखर्जी समिती" एवढंच येतं आणि पुढे गाडी निघून जाते, बाईंनी नेमकं काय केलं ते फार कुणी सांगत नाही.

माहेरचं आडनाव रायचौधुरी. कोलकात्याच्या आशुतोष कॉलेजातून बंगाली साहित्य घेऊन बीए केलं, आणि विद्यार्थी चळवळीत शिरल्या त्या कायमच्याच. १९४२ मध्ये विश्वनाथ मुखर्जींशी लग्न झालं, ते पण पक्षाचेच कार्यकर्ते. १९४७ ते १९५१ त्या बंगाल प्रांतिक विद्यार्थी फेडरेशनच्या सचिव होत्या. मधे १९४८ मध्ये बंगालमध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली तेव्हा नवराबायको दोघांनाही उचललं आणि सहा महिने खटला न चालवता प्रेसिडेन्सी जेलमध्ये ठेवलं.

हा मेदिनीपूर भाग समजून घेतल्याशिवाय त्यांचं राजकारण कळत नाही. १९४२ मध्ये आपल्याकडे साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहत होतं, तेव्हाच तिकडे तामलुकमध्ये ताम्रलिप्त जातीय सरकार (बंगालीत जातीय म्हणजे राष्ट्रीय) चाललं होतं, इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं स्वतःचं सरकार. त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक अजय मुखर्जी, म्हणजे विश्वनाथ यांचे भाऊ. हे अजयबाबू काँग्रेसमधून फुटून बांगला काँग्रेस काढून १९६७ मध्ये संयुक्त आघाडीचे मुख्यमंत्री झाले आणि भाऊ विश्वनाथ त्यांच्याच मंत्रिमंडळात पाटबंधारे खात्याचे मंत्री. त्याच निवडणुकीत गीताबाई पांसकुडा पूर्वमधून पहिल्यांदा आमदार झाल्या. पुढे १९६९, १९७१, १९७२ अशा सगळ्या निवडणुका त्यांनी जिंकल्या, आणि त्या काळात बंगालमध्ये सरकारं किती पटापट पडत होती ते बघता हे सोपं नव्हतं. भाकप सत्तरच्या दशकात काँग्रेसबरोबर गेला, आणीबाणीलाही पाठिंबा दिला, ती चूक पक्षाने नंतर मान्य केली. १९८० पर्यंत पक्ष डाव्या आघाडीकडे आला आणि गीताबाई दिल्लीला गेल्या.

कार्यकर्ते त्यांना गीतादी म्हणायचे. शेजारच्या मेदिनीपूरमधून १९८९ पासून इंद्रजित गुप्त निवडून यायचे, त्यामुळे भाकपचे दोन सगळ्यात वजनदार खासदार एकमेकांना लागून असलेल्या मतदारसंघांतले होते. पक्षाच्या भारतीय महिला फेडरेशनचं कामही त्या करत होत्या. लहान मुलांसाठी त्यांनी पुस्तकं लिहिली आणि बुखेनवाल्ड छळछावणीवरची एक जर्मन कादंबरी बंगालीत आणली, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता मुख्य काम. १२ सप्टेंबर १९९६ ला देवेगौडा सरकारने लोकसभा आणि विधानसभांमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा देणारं ८१ वं घटनादुरुस्ती विधेयक आणलं. गोंधळ झाला आणि ते संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं, अध्यक्ष गीता मुखर्जी. समितीत कोण होतं बघा: शरद पवार, ममता बॅनर्जी, सुषमा स्वराज, उमा भारती, नितीश कुमार. एवढी भिन्न मतांची माणसं घेऊन त्यांनी ९ डिसेंबर १९९६ ला अहवाल सादर केला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत! समित्या वर्षानुवर्षं मुदतवाढ घेत बसतात हे आपण बघतोच. ओबीसी महिलांना वेगळा कोटा हवा म्हणून नितीश कुमारांनी भिन्नमतपत्रिका जोडली. तो प्रश्न समितीनेही उडवून लावला नाही, घटनेत ओबीसींसाठी राजकीय आरक्षण आलं की त्यांच्या महिलांनाही द्या असं सुचवलं.

अहवालातलं खरं काम बारीक आहे. मूळ मसुद्यात "एक तृतीयांशापेक्षा कमी नाही" असे शब्द होते. ऐकायला छान, पण कमी नाही म्हणजे किती जास्त चालेल, आणि जागांना तीनने भाग जात नसेल तर काय, प्रत्येक जण आपल्या सोयीने अर्थ लावणार आणि मग कोर्टबाजी. समितीने तिथे "शक्य तितक्या जवळपास एक तृतीयांश" असा शब्दप्रयोग सुचवला. दुसरी गोष्ट, तीनपेक्षा कमी खासदार असलेली राज्यं मूळ मसुद्यात बाहेरच राहत होती. म्हणजे आपला गोवा, उत्तर आणि दक्षिण अशा दोनच जागा, तिथल्या बायकांना लोकसभेचं आरक्षण शून्य. समिती म्हणाली यांनाही आत घ्या. दिल्ली विधानसभाही घ्या, आरक्षण पंधरा वर्षांसाठी ठेवा, आणि राज्यसभा आणि विधान परिषदांसाठीही सोय करा. शेवटची सूचना कुणीच मनावर घेतली नाही.

गुजराल सरकार आलं तेव्हा त्यांना मंत्रिपद देऊ केलं होतं, विधेयकाचा पाठपुरावा करता यावा म्हणून त्यांनी ते नाकारलं. माझ्या मते त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीतला हा सगळ्यात मोठा निर्णय, कारण भाकप त्या सरकारात होता आणि वयाच्या त्र्याहत्तरीत अशी संधी परत येत नसते. आणि हाती काय लागलं? डिसेंबर १९९७ मध्ये लोकसभा विसर्जित, विधेयक बाद. १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने परत आणायचा प्रयत्न केला तर राष्ट्रीय जनता दलाच्या एका खासदाराने भर सभागृहात प्रती हिसकावून फाडल्या. तेही पुढे बाद झालं. डिसेंबर १९९९ मध्ये आणखी एकदा मांडलं गेलं, आणि पुढच्या मार्चमध्ये दिल्लीत हृदयविकाराने त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या खासदारच होत्या. पांसकुड्याच्या पोटनिवडणुकीत तृणमूलने भाकपच्या गुरुदास दासगुप्तांना हरवलं, २००४ ला दासगुप्तांनी ती जागा परत घेतली. २००९ च्या पुनर्रचनेत पांसकुडा हा लोकसभा मतदारसंघच गेला, त्याजागी घाटाल आला.

२००८ च्या विधेयकात समितीच्या सात शिफारशींपैकी पाच घेतल्या होत्या. ते मार्च २०१० मध्ये राज्यसभेत पास झालं पण लोकसभेत पोचलं नाही. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी. "शक्य तितक्या जवळपास एक तृतीयांश", पंधरा वर्षांची मुदत, दिल्ली विधानसभेचा समावेश, हे सगळं त्यात आहे. अंमलबजावणी मात्र जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेली आहे, त्यामुळे २०२४ ची लोकसभा या आरक्षणाशिवायच निवडली गेली.