क्रांतीची नक्कल तिच्या शत्रूंनीच केली
फ्रेंच राज्यक्रांती ऐन भरात असताना, २३ ऑगस्ट १७९३ रोजी, पॅरिसच्या राष्ट्रीय सभेने फर्मान काढलं: शत्रू प्रजासत्ताकाच्या भूमीवरून हाकलला जाईपर्यंत सगळे फ्रेंच लोक सैन्याच्या सेवेला बांधील राहतील. आधी जायचं होतं १८ ते २५ वयाच्या अविवाहित तरुणांनी. पण कोण किती वर्षांचा, कोणाचं लग्न झालंय, हे सरकारला कळणार कसं? जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी पूर्वी चर्चच्या वह्यांत होत्या. १७९२च्या सप्टेंबरमध्ये क्रांतिकारकांनी त्या नगरपालिकांकडे सोपवल्या होत्या. त्याआधी, १७९० मध्ये, जुने प्रांत मोडून देशाचे ८३ जिल्हेही पाडले होते. राजा आणि प्रजा यांच्यामध्ये सरदार होते, धर्मपीठ होतं. ते बाजूला झाले आणि राज्यसंस्था थेट माणसाच्या दारात पोचली. माझ्या मते राजाच्या शिरच्छेदापेक्षाही हा बदल मोठा आहे, कारण राजे नंतर परतले, पण नोंदवह्या चर्चकडे परत गेल्या नाहीत.

या राज्ययंत्राचा धसका शेजाऱ्यांनी घेतला. १८०६ मध्ये येनाच्या लढाईत फ्रान्सच्या नेपोलियनने प्रशिया या जर्मन राज्याचा धुव्वा उडवला. तिथल्या राजाला क्रांती मुळीच नको होती. तरीही १८०७ मध्ये त्याने शेतकऱ्यांना जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी भूदासपद्धत रद्द करण्याचा हुकूम काढला आणि १८१४ मध्ये सक्तीची लष्करी सेवा कायद्याने आणली. फ्रान्सला हरवायचं तर फ्रान्ससारखं व्हावं लागत होतं.

हैतीच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये उभं केलेलं हे राष्ट्र. फ्रान्सने १८२५ मध्ये त्याला मान्यता दिली ती युद्धनौका पाठवून, १५ कोटी फ्रँक भरपाईच्या अटीवर. ज्यांना गुलाम केलं होतं त्यांनीच मालकांचं नुकसान भरून द्यायचं! राष्ट्रांच्या पंगतीत कोणाला बसू द्यायचं हे बलाढ्य सत्ताच ठरवत होत्या. हा अन्याय क्रांतीच्या इतिहासात तळटीप म्हणून उरकता कामा नये.

पहिलं महायुद्ध चालू असताना रशियात १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये क्रांती करून सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांनी (लेनिनच्या कम्युनिस्टांनी) झारच्या दप्तरातले गुप्त करार छापून टाकले. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातला, पश्चिम आशियाच्या वाटणीचा सायक्स-पिको करारही त्यात होता. मित्रराष्ट्रांची अब्रू गेली. ८ जानेवारी १९१८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी चौदा मुद्दे मांडले, त्यातला पहिलाच होता उघड करारांचा. पुढे राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेच्या, सनदेत कलम १८ आलं: नोंद न झालेला करार बंधनकारक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम १०२ थोडं सौम्य आहे. नोंद नसलेल्या कराराचा आधार संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही अंगापुढे घेता येत नाही, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय हेही त्यातलंच एक अंग आहे.