रेडकाच्या पोटाखालची ओल

म्हैस तासन्‌तास पाण्यात डुंबते, चिखलात लोळते. मग तिच्या रेडकाला गोठ्यातली थोडी ओल कशी बाधेल? हा तर्क ऐकायला बरा वाटतो, पण फसवा आहे. म्हैस डुंबते ती अंगातली उष्णता बाहेर टाकायला, कारण तिच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने विरळ असतात. दोन दिवसांच्या रेडकाची अडचण बरोबर उलटी. वजन जेमतेम ३०-३५ किलो, कातडीखाली चरबी नावापुरती. थंडीच्या रात्री त्याला अंगातली ऊब राखायची असते.

लहान पिल्लं दिवसातले १६ ते १८ तास बसून किंवा आडवी पडून काढतात. तेवढा वेळ त्यांचं पोट, बेंबी आणि गुडघे जमिनीला टेकलेले असतात. कोबा उष्णता ओढून घेतोच; त्यावर मूत्र साचलं असेल तर आणखी भर, कारण पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा वीसेक पट सहज वाहते. गमावलेली ऊब भरून काढायला रेडकू दुधातली ऊर्जा जाळतं. दूध पोटभर पितं, पण अंगाला लागत नाही. कोरडं काड उपयोगी पडतं ते त्यात हवा अडकून राहते म्हणून. काड भिजलं की हवेची जागा पाणी घेतं आणि अंथरूण असून नसल्यासारखं होतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये गाईच्या वासरांच्या गोठ्यांचा हिवाळ्यात अभ्यास झाला, तेव्हा अंथरुणाला गुण देण्याची पद्धत फारच सोपी होती. बसलेल्या वासराचे पाय काडात दिसेनासे झाले तर ३, अर्धवट दिसले तर २, पूर्ण दिसले तर १. पाय बुडतील इतकं काड होतं तिथे श्वसनाचे आजार कमी आढळले.

श्वसनाशी जमिनीचं आणखी एक नातं आहे. मूत्रातला युरिया आणि शेणातले जिवाणू एकत्र आले की अमोनिया तयार होतो. तो उठतो जमिनीतून, आणि बसलेल्या रेडकाचं नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं. श्वासनलिकेतली धूळ आणि जंतू बाहेर ढकलणारी सूक्ष्म लव या वायूने निकामी होत जाते, मग न्यूमोनियाला वाट मोकळी. उभ्या माणसाला गोठा ठीकठाक वाटतो, म्हणून तपासणाऱ्याने खाली बसावं. अंथरुणावर गुडघे टेकवून वीसेक सेकंद थांबावं. कपडा ओला झाला तर अंथरूण बदलायला हवं. एवढी स्वस्त चाचणी दुसरी नाही.

‘कोबा चांगला की मुरूम’ या वादात मला फारसा अर्थ दिसत नाही. गुळगुळीत कोब्यावर नुकतं उभं राहू लागलेलं रेडकू घसरतं, पाय फाकतात. फार खडबडीत असेल तर गुडघे सोलतात आणि खूर झिजतात. बारीक खाचा पाडलेला, नालीकडे उतार असलेला कोबा धुऊन काढता येतो, पण वर कोरडं अंथरूण हवंच. मुरूम मऊ आणि उबदार, मात्र मूत्र पिऊन बसतो. रबरी मॅटखाली ओल साचली तर ती न दिसणारी घाण ठरते. खरा प्रश्न एकच: जमीन किती लवकर कोरडी होते?

कारण रोगजंतूंनाही ओलच हवी असते. म्हशीच्या वारेतून पिल्लापर्यंत रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पोहोचत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या तासांत ओली नाळ घाणीला टेकली की बेंबी पिकते, आणि तिथला संसर्ग रक्तातून सांध्यांत जाऊन गुडघे सुजतात. रक्ती हगवण लावणाऱ्या कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवींची बीजं शेणातून पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की काही दिवसांत संसर्गक्षम होतात. स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या कृमीच्या अळ्या तर ओल्या अंथरुणातून थेट कातडी भेदून आत जातात. जपानमध्ये लाकडी भुशावर ठेवलेली वासरं अचानक दगावली, त्याचं मूळ या कृमीत सापडलं होतं.

म्हशीच्या बाबतीत सगळ्यात चिवट प्रकार टॉक्सोकारा या मोठ्या गोल जंताचा. याची अंडी जाड कवचाची, चिकट आणि मातीत महिनोन्‌महिने टिकणारी. पण रेडकाला लागण होते ती मुख्यतः आईच्या दुधातून, जमिनीतून नव्हे. जमिनीतली अंडी चाऱ्याबरोबर म्हशीच्या पोटात जातात, अळ्या तिच्या शरीरात दबा धरून बसतात आणि व्यायल्यावर दुधात उतरतात. म्हणजे आज गोठा कितीही घासला तरी या वेताचं रेडकू वाचेलच असं नाही. या जंताची साखळी तोडायची तर वयाच्या दहा ते सोळा दिवसांत, जंत अंडी घालायला लागण्याआधी, पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचं औषध द्यावं लागतं. तो डोस चुकला तर महिन्याभराचं रेडकू शेणातून अंडी टाकू लागतं, आणि कच्च्या जमिनीच्या गोठ्यात ती खरवडून काढणं जवळपास अशक्य असतं.