होमस्टेडर शेतकरी आणि घोड्यावरचा मेथडिस्ट पाद्री: अमेरिकेतल्या पूर्वजांचे कागद कसे मागवायचे

आमची सून नेब्रास्काची. तिच्या माहेरी पूर्वजांबद्दल दोनच वाक्यं चालत आलेली: एक खापरपणजोबा होमस्टेडर (सरकारी जमीन मागून कसणारे शेतकरी) होते आणि आजीच्या बाजूचे एक जण घोड्यावरून फिरणारे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे प्रीचर, म्हणजे पाद्री होते. सातबारा आणि फेरफार यांत माझी हयात गेली, त्यामुळे तोंडातून पहिला प्रश्न निघाला तो, "गट नंबर काय?" गट नंबर कोणालाच ठाऊक नव्हता. तिथून सुरुवात झाली. अमेरिकेत सोयरीक झालेली मराठी घरं आता पुष्कळ आहेत, नातवंडांना दोन्हीकडची वंशावळ हवी असते, म्हणून ही पद्धत लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर माझ्यासारखे तीन महिने वाया जातील. शेतकऱ्याचा कागद जमिनीला बांधलेला असतो आणि पाद्र्याचा कागद कॉन्फरन्सला, म्हणजे चर्चच्या प्रादेशिक संघटनेला. दोघांनाही गावाच्या नावाने शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

अर्ज कोण करू शकतो

कोणीही. जमिनीच्या या जुन्या फाइली सार्वजनिक आहेत. वारस दाखला लागत नाही, नातं सिद्ध करावं लागत नाही, अमेरिकेचं नागरिकत्वही लागत नाही. पुण्यात बसून अर्ज करता येतो. फक्त आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड हवं.

होमस्टेड म्हणजे नेमकं काय

लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. २१ वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येई. तो नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने कोर्टात नोंदवलेला असावा, आणि त्याने अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. जमिनीवर पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग साक्षीपुरावे देऊन मालकीचा कागद घ्यायचा. या कागदाला तिकडे पेटंट म्हणतात. संशोधनाच्या पेटंटशी त्याचा संबंध नाही. १९१२ मध्ये पाच वर्षांची अट तीनवर आली. अविवाहित बाई, विधवा, कुटुंबप्रमुख असलेली बाई यांनाही अर्ज करता येई, त्यामुळे घरातल्या बायकांची लग्नाआधीची नावंही शोधा.

ही जमीन "मोकळी" होती असं कायद्याची भाषा म्हणते. तशी ती नव्हती. नेब्रास्काच्या ज्या बिअट्रिस गावाजवळ पहिला होमस्टेड दावा झाला, त्याच्या दक्षिणेला ओटो-मिझुरिया लोकांची राखीव जमीन होती. कागद वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

पहिली पायरी: जमिनीचा नंबर

ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर जनरल लँड ऑफिसच्या नोंदी फुकट बघता येतात. राज्य आणि आडनाव टाका. पेटंटची प्रतिमा उघडेल. तीवरून पाच गोष्टी टिपून घ्या: नाव जसं लिहिलंय तसं, लँड ऑफिस, सर्टिफिकेट क्रमांक, पेटंटची तारीख आणि जमिनीचं वर्णन.

वर्णन पहिल्यांदा वाचताना डोकं फिरतं, पण आपल्या गटवारीपेक्षा ते सोपं आहे. टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन. त्याचे ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचा. त्यातला चतकोर म्हणजे १६० एकर. टाउनशिपचा आकडा उत्तर-दक्षिण मोजायचा, रेंजचा पूर्व-पश्चिम. पहिला दावेदार डॅनियल फ्रीमन याची जमीन टाउनशिप ४ नॉर्थ, रेंज ५ ईस्ट, सेक्शन २६ मध्ये आहे. त्याला सलग चतकोर मिळालेला नाही. वायव्य चतकोराचा दक्षिण अर्धा, त्याच चतकोराचा ईशान्य तुकडा आणि शेजारच्या ईशान्य चतकोराचा नैर्ऋत्य तुकडा असे मिळून १६० एकर होतात. ओढ्याकाठचा भाग पदरात पडावा म्हणून असं तुकड्यातुकड्याने मागत. हे बघून मला आमच्याकडचे बांध आठवले.

नाव सापडलं नाही तर घाबरू नका, पण कारण तपासा. टेक्सास आणि मूळच्या तेरा वसाहती धरून वीस राज्यांत केंद्राची जमीनच नव्हती, तिथले कागद राज्याकडे किंवा काउंटीकडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). अनेकांनी जमीन रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. तो व्यवहार काउंटीच्या दस्तनोंदणीत सापडेल. आणि कितीतरी जणांनी अर्ज केला, दोनचार वर्षं काढली आणि जमीन सोडली. त्यांना पेटंट मिळालं नाही, पण फाइल झालीच. तिचा माग ट्रॅक्ट बुकात लागतो. पश्चिमेकडच्या राज्यांची ही खातेपुस्तकं फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर पानोपान बघता येतात. नावाने शोध लागेलच असं नाही. टाउनशिप-रेंज माहीत असेल तर तलाठ्याच्या दप्तरासारखं पान उलटत जायचं.

दुसरी पायरी: फाइल मागवणं

पेटंट मिळालं की लोक थांबतात. ती चूक. पेटंट एका पानाचं असतं. खरं घबाड लँड एन्ट्री केस फाइलमध्ये आहे, आणि ती वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारात. मागणीचा नमुना नॅटफ ८४. ऑनलाइन भरता येतो. १ जुलै १९०८ पूर्वीच्या फाइलीसाठी राज्य, लँड ऑफिस, "होमस्टेड" हा प्रकार आणि फायनल सर्टिफिकेट क्रमांक द्यावा लागतो. त्यानंतरच्या फाइलींना देशभर एकच अनुक्रमांक आहे, तो दिला की काम होतं. जुन्या पेटंटवर अर्ज क्रमांक आणि सर्टिफिकेट क्रमांक असे दोन आकडे शेजारी असतात. मी अर्ज क्रमांक भरला होता. मागवायचा तो सर्टिफिकेटचा. शुल्क अधूनमधून बदलतं, मागणीच्या पानावर दिसेल तेच खरं.

नेब्रास्काच्या फाइली डिजिटल झाल्या आहेत. फोल्ड३ आणि अँसेस्ट्री या संकेतस्थळांवर त्या आहेत. बिअट्रिसजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात गेलात तर तिथे विनामूल्य बघता येतात. स्वतः वॉशिंग्टनला जाणार असाल तर पासपोर्ट दाखवून संशोधकाचं कार्ड काढावं लागतं, त्याला पैसे पडत नाहीत.

फाइलीत काय सापडतं? मूळ अर्ज, पैसे भरल्याच्या पावत्या, दावेदाराची जबानी, दोन साक्षीदारांच्या जबान्या. घर केवढं, किती एकर नांगरली, काय पेरलं, घरात माणसं किती. फ्रीमनच्या जबानीत १४ बाय २० फुटांचं घर आहे, ४० सफरचंदाची आणि सुमारे ४०० पीचची झाडं आहेत. दावेदार परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल जोडलेली असते, आणि तीच पुष्कळदा मूळ देशाकडे जाणारी वाट असते. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्यांना सैन्यातली वर्षं पाच वर्षांतून वजा करून मिळत, म्हणून अशांच्या फाइलीत सैन्यातून सुटल्याचा दाखला निघतो. तसा निघाला की पेन्शनची फाइलही मागवा. विधवेने पेन्शन मागितलेली असेल तर लग्नाचे आणि मुलांच्या जन्माचे पुरावे तिथे मिळतात.

साक्षीदारांकडे दुर्लक्ष करू नका. अंतिम पुराव्याची जाहीर नोटीस स्थानिक वर्तमानपत्रात छापावी लागे आणि तीत चार नावं असत, त्यातले दोघे जबानी देत. ही माणसं म्हणजे शेजारी, मेहुणे, व्याही. त्याच सेक्शनमधली इतर पेटंटं काढून बघितली की जुन्या गावाहून कोण कोण बरोबर आलं ते कळतं. आम्हाला सुनेच्या खापरपणजीचं माहेरचं आडनाव असंच मिळालं. काँग्रेसच्या ग्रंथालयाचा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह, क्रॉनिकलिंग अमेरिका, यासाठी फुकट वापरता येतो.

आता पाद्रीबुवा

इथे पद्धत उलटी. मेथडिस्ट पाद्र्याचं सदस्यत्व कुठल्याही एका चर्चमध्ये नसतं, ते वार्षिक कॉन्फरन्समध्ये असतं. बिशप दरवर्षी नेमणुका वाचून दाखवत आणि माणूस घोड्यावर सामान टाकून निघे. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये एका जागी दोन वर्षांहून जास्त राहता येत नसे. १८६४ मध्ये ही मर्यादा तीन वर्षांची झाली, १८८८ मध्ये पाच, आणि १९०० मध्ये ती उठली. पाद्र्याची सात मुलं सात गावांत का जन्मली याचं उत्तर यातच आहे. आपल्याकडच्या बदलीच्या नोकरीवाल्यांना ते समजावून सांगायला नको.

म्हणून आधी शोधायची ती कॉन्फरन्स आणि तिचे छापील वार्षिक वृत्तान्त, ज्यांना मिनिट्स म्हणतात. हाथीट्रस्ट आणि इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयांत जुने खंड उघडतात. त्यात माणूस "ऑन ट्रायल" म्हणजे उमेदवारीवर कधी आला, पूर्ण सदस्य कधी झाला, डीकन आणि एल्डर (दीक्षेच्या दोन पायऱ्या) कधी, कुठल्या सर्किटवर (एका पाद्र्याच्या फिरतीतली गावं) नेमणूक, हे वर्षावर्षाने सापडतं. "सुपरअॅन्युएटेड" म्हणजे सेवानिवृत्त. "लोकेटेड" असा शेरा दिसला तर त्याने फिरती सोडली. अशा वेळी त्याच्या नावावर होमस्टेड आहे का ते जरूर बघा. आणि सेवेत असताना किंवा निवृत्तीनंतर वारला असेल तर मृत्युलेख असतो: जन्मगाव, आईवडील, लग्न, मुलं. याला मेमॉयर म्हणतात. नंतरच्या काळात पाद्र्यांच्या पत्नींचेही छापले जाऊ लागले.

वृत्तान्तात नावच नसेल तर तो बहुधा लोकल प्रीचर. आठवडाभर नांगर, रविवारी प्रवचन. त्याचा परवाना स्थानिक तिमाही कॉन्फरन्स दरवर्षी नवा करून देई, म्हणून त्याची नोंद त्या सर्किटच्या हस्तलिखित वहीत. सरहद्दीवरच्या घरांत "आमचे पूर्वज प्रीचर होते" म्हणतात त्यांतले पुष्कळ या प्रकारचे. मृत्युवार्तेसाठी ख्रिश्चन अॅडव्होकेट या नावाची साप्ताहिकं चाळा. न्यूयॉर्कचं वेगळं, सिनसिनाटीचं वेस्टर्न वेगळं.

कुठल्या मेथडिस्ट पंथाचा हेही ठरवावं लागतं. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४४ मध्ये चर्च फुटलं, दक्षिणेचं वेगळं झालं, १९३९ मध्ये एकत्र आलं, १९६८ मध्ये युनायटेड मेथडिस्ट हे आजचं नाव आलं. जर्मन आणि स्वीडिश बोलणाऱ्यांच्या स्वतंत्र कॉन्फरन्स होत्या. कृष्णवर्णीयांचं आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च तर आजही वेगळं आहे, त्याचे कागद खाली दिलेल्या संग्रहांत शोधू नका.

अर्ज दोन ठिकाणी. मध्यवर्ती संग्रह न्यू जर्सीतल्या मॅडिसन इथे, ड्रू विद्यापीठाच्या आवारात आहे. प्रादेशिक संग्रह बहुतेक एखाद्या मेथडिस्ट कॉलेजात असतात: कॅन्ससचा बाल्डविन सिटीच्या बेकर विद्यापीठात, इंडियानाचा ग्रीनकॅसलच्या डीपॉ विद्यापीठात. पत्रात पूर्ण नाव, अंदाजे जन्ममृत्यूची वर्षं, कॉन्फरन्स किंवा निदान राज्य, आणि तुम्हाला आधी काय सापडलंय ते लिहा. बाप्तिस्मे आणि सभासदांच्या याद्या मध्यवर्ती संग्रहात नसतात. या याद्या ज्या त्या चर्चमध्येच असतात. चर्च बंद पडलं असेल तर प्रादेशिक संग्रहात. पाद्र्याने लावलेल्या लग्नांचे दाखले मात्र काउंटीत, त्याच्या सहीनिशी.

यातला एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. सोन्याच्या लाटेत १८४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन रस्त्यावर प्रवचनं देणारे विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले आणि इथली मेथडिस्ट मंडळी त्यांनी उभी केली. तेव्हा तुमचे पाद्री वृत्तान्तातून एकाएकी गायब झाले तर मिशनऱ्यांच्या याद्याही बघा.

छोट्या पण नडणाऱ्या गोष्टी

३/४/१८७८ म्हणजे ४ मार्च, ३ एप्रिल नव्हे. जुन्या बातमीत तारखेपुढे "इन्स्ट" असेल तर चालू महिना, "अल्ट" असेल तर मागचा. वेस्ली, अॅस्बरी, लोरेन्झो डाऊ ही गाजलेल्या मेथडिस्ट प्रचारकांची नावं पाद्र्यांच्याच घरात असतात असं नाही, भक्तांनीही ती भरपूर ठेवली. १८९० ची जनगणना आगीत गेली, पण नेब्रास्काची १८८५ ची वेगळी गणती आहे, तिच्यावर भागवा. राज्य पातळीवर जन्ममृत्यूची नोंद नेब्रास्कात १९०४ पासून आणि कॅन्ससमध्ये १९११ पासून, त्याआधीचा दाखला मागून उपयोग नाही. नागरिकत्वाची फाइल २७ सप्टेंबर १९०६ नंतरची असेल तर ती इमिग्रेशन खात्याच्या वंशावळ विभागाकडून मागवायची: आधी शोधासाठी नमुना जी-१०४१, मग फाइलीसाठी जी-१०४१ए. त्याआधीची कुठल्याही कोर्टात असू शकते. वंशावळ विभागाची एक अट आहे: ज्याची फाइल मागता त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली नसतील तर मृत्यूचा पुरावा जोडावा लागतो.

आमची एक फाइल आली. दुसरी, सुनेच्या खापरपणजोबांच्या थोरल्या भावाची, अजून यायची आहे. ट्रॅक्ट बुकात त्यांच्या नावापुढे जमीन सोडल्याचा शेरा आहे, १८७५ च्या वसंतातला. आदल्या उन्हाळ्यात त्या मैदानांवर टोळधाड आली होती.